अधिराष्ट्रीय कायदा

अनेक राज्यांनी तहाने आपले काही सार्वभौम अधिकार एका सामाईक संस्थेकडे सोपविले असता त्या संस्थेने केलेला, आणि सदस्य राज्यांबरोबरच त्यांच्या नागरिकांवर व उद्योगसंस्थांवरही बंधनकारक असलेला कायदा. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्याच्या संमतीवाचून नवे बंधन सहसा येत नाही, आणि आलेले बंधन नागरिकापर्यंत पोचण्यासाठी पुष्कळ देशांत विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागतो. अधिराष्ट्रीय व्यवस्थेत मात्र बहुमताने केलेला नियम विरुद्ध मत देणाऱ्या राज्यालाही लागू होऊ शकतो, आणि त्याच्या आधारे व्यक्तीला स्वतःच्याच देशातील न्यायालयात दाद मागता येते. या व्यवस्थेला संघराज्य म्हणता येत नाही. तिच्याजवळ स्वतःचे तुरुंग वा सैन्य नसते आणि तिचे बहुतेक नियम सदस्य देशांची प्रशासने व न्यायालयेच अंमलात आणतात. तिचा धोरणांवरील प्रभाव समजून घेताना ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. यूरोपीय संघाचा कायदा हे या प्रकाराचे सर्वाधिक विकसित उदाहरण होय.

अशा कायद्याचा आरंभ केव्हापासून मानावा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील नदी-आयोगांत आहेत. व्हिएन्ना काँग्रेसने (१८१५) ऱ्हाईनवरील वाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोगाची तरतूद केली, आणि १८६८ च्या मानहाइम करारात ऱ्हाईन नौकानयन-न्यायालयांच्या निकालांवर या आयोगाकडे अपील करण्याची सोय होती. १८५६ च्या पॅरिस तहाने निर्माण झालेल्या डॅन्यूब आयोगाने तर नदीच्या मुखाकडील टप्प्यात वाहतुकीचे नियम केले आणि जहाजांकडून शुल्कही वसूल केले. त्याच्या अधिकारक्षेत्राचा वाद पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयापर्यंत गेला व त्यावर १९२७ मध्ये सल्लागारी मत देण्यात आले. १८३४ च्या जर्मन जकातसंघाचाही या संदर्भात उल्लेख होतो, परंतु १८६७ पर्यंत त्याचे निर्णय एकमतानेच होत. या संस्थांचे अधिकार एखाद्या नदीपुरते किंवा जकातीपुरते मर्यादित होते, आणि राज्याचा कायदा व सामाईक नियम यांत विरोध आल्यास काय टिकावे, याचे सर्वसाधारण उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्यामुळे त्यांना पूर्वसुरी मानणे रास्त असले, तरी आरंभ १९५१ पासून धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्या वर्षी १८ एप्रिल रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी यूरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या तहावर सह्या केल्या. त्याच्या उच्च प्राधिकरणाला कोळसा व पोलाद उत्पादकांवर थेट आकार बसविण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार होता. प्राधिकरणाचे स्वरूप अधिराष्ट्रीय असल्याचा उल्लेख तहाच्या नवव्या अनुच्छेदातच होता. १९६५ च्या विलीनीकरण तहाने तो अनुच्छेद वगळला. यूरोपीय आर्थिक समुदाय (ज्यातून पुढे यूरोपीय संघ झाला) स्थापन करणाऱ्या रोमच्या तहात (२५ मार्च १९५७) तसे वर्णन आढळत नाही, आणि तरीही या कायद्याला आजचे बळ याच तहाच्या न्यायालयीन अर्थामुळे मिळाले.

व्हान गेंड एन लोस या डच वाहतूकसंस्थेने पश्चिम जर्मनीतून आणलेल्या युरिया-फॉर्माल्डिहाइडवर ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के आयातशुल्क लावण्यात आले. तहाच्या बाराव्या अनुच्छेदाने सदस्य देशांना परस्परांतील शुल्क वाढविण्यास मनाई केली होती; पण ती मनाई केवळ राज्याराज्यांमधील बंधन होती, की आयातदारालाही तिचा आधार घेता येत होता, हा प्रश्न डच न्यायाधिकरणाने समुदायाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयाकडे पाठविला. न्यायालयाचे महाधिवक्ता (निकालापूर्वी स्वतंत्र मत देणारे अधिकारी) कार्ल रोमर यांनी अशा थेट परिणामाच्या, म्हणजे व्यक्तीला तहाचा आधार घेता येण्याच्या, विरुद्ध मत दिले आणि डच व बेल्जियन सरकारांनीही हरकत घेतली. असे असतानाही ५ फेब्रुवारी १९६३ च्या निकालात न्यायालयाने समुदाय ही एक नवी विधिव्यवस्था असून तिच्यातून व्यक्तींनाही हक्क मिळतात, असे ठरविले. हा निकाल तहाच्या रचनेतच अभिप्रेत होता, असे जुने भाष्यकार मानत. अलीकडील अभिलेखसंशोधकांचा भर मात्र समुदायाचे प्रशासन पाहणाऱ्या आयोगाच्या विधिविभागाचे प्रमुख मिशेल गोदे यांच्या प्रयत्नांवर आणि १९६२ मध्ये न्यायालयावर आलेल्या रोबेर लकूर यांच्यासारख्या न्यायाधीशांवर आहे. न्यायाधीशांची चर्चा गोपनीय असल्याने त्यांच्यातील मतविभागणीविषयीची विधाने जपूनच घ्यावी लागतात. परंतु तहाचा मजकूर दोन्ही अर्थांना वाव देणारा होता आणि निवड न्यायालयाने केली, हा नव्या संशोधनाचा निष्कर्ष पटण्याजोगा आहे.

इटलीत वीज-उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून मिलानमधील वकील फ्लामिनियो कोस्ता यांनी विजेचे अगदी लहान बिल भरण्यास नकार दिला. त्या खटल्यात १५ जुलै १९६४ रोजी न्यायालयाने सामाईक कायदा नंतरच्या राष्ट्रीय कायद्याहूनही श्रेष्ठ असल्याचे सांगितले, आणि १९७० मध्ये हे तत्त्व राष्ट्रीय संविधानांनाही लावले. राष्ट्रीय घटना न्यायालयांनी ते या रूपात पूर्णपणे कधीच स्वीकारले नाही. जर्मन घटना न्यायालयाने १९७४ मध्ये, समुदायाकडे पुरेसे मूलभूत हक्कसंरक्षण नाही तोवर आपण त्याचा कायदा तपासू, असे म्हटले. १९८६ मध्ये संरक्षण टिकून आहे तोवर तपासणी करणार नाही, असा पवित्रा घेतला. आणि ५ मे २०२० रोजी यूरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीबाबत यूरोपीय न्यायालयाचा निकालच अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरविला. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये याहून व्यापक आव्हान दिले. श्रेष्ठता ही सामाईक कायद्याचा अंगभूत गुण आहे, असे लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे म्हणणे. ती आपल्या संविधानाने दिलेली सशर्त मान्यता आहे, असे बहुतेक राष्ट्रीय न्यायालयांचे म्हणणे. प्रत्यक्ष व्यवहाराशी दुसरे अधिक जुळते.

धोरणांना आकार देणारी साधने मुख्यतः दोन आहेत. विनियम सर्व देशांत जसाच्या तसा लागू होतो. निदेश साध्य ठरवितो आणि साधनाची निवड देशाकडे सोपवितो. व्यवहारात ही सीमारेषा धूसर असते. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाविषयीचा १९९५ चा निदेश जाऊन २५ मे २०१८ पासून विनियम लागू झाला. त्यात जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ऑनलाइन सेवांसाठी मुलाची स्वतःची संमती कोणत्या वयापासून ग्राह्य धरावी, हे १३ ते १६ वर्षांच्या मर्यादेत प्रत्येक देश ठरवितो. उलट, कित्येक निदेश इतके तपशीलवार असतात की राष्ट्रीय संसदेला मजकूर उतरवून घेण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. मुदतीत अंमल न केलेल्या निदेशाचा आधार राज्याविरुद्ध घेता येतो (१९७४), खाजगी व्यक्तीविरुद्ध मात्र नाही (१९८६). या भेदामुळे सरकारी व खाजगी नोकरांच्या हक्कांत तफावत पडली, आणि ती भरून काढण्यासाठी राष्ट्रीय कायद्याचा अर्थ शक्य तेथवर निदेशाशी जुळता लावावा, असे कर्तव्य न्यायाधीशांवर ठेवण्यात आले. १९९१ च्या फ्रांकोविच निकालाने, दिवाळखोर मालकांच्या कामगारांच्या संरक्षणाचा निदेश न राबविणाऱ्या इटलीला नुकसानभरपाईस जबाबदार धरले.

लिखित नियम नसलेल्या क्षेत्रातही प्रभाव पडतो. जर्मनीत फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के मद्यार्क असावा, असा नियम होता आणि कासीस या फ्रेंच लिकरमध्ये तो १५ ते २० टक्के असे. एका देशात विधिवत विक्रीस असलेला माल सबळ कारणाशिवाय दुसऱ्या देशाने अडवू नये, असे न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितल्यावर अनेक देशांतील मालप्रमाणविषयक नियम आपोआप प्रश्नांकित झाले. १९८७ पासून अंमलात आलेल्या ‘एकल यूरोपीय कायदा’ या तहाने सामाईक बाजारपेठेसाठी एकमताऐवजी विशेष बहुमताची तरतूद केल्यावर निदेशांची संख्या झपाट्याने वाढली.

नियमभंगाबद्दल आयोग सदस्य राज्याला न्यायालयात खेचू शकतो. पहिला आर्थिक दंड ४ जुलै २००० रोजी ग्रीसला झाला. क्रीटमधील कुरुपितोस येथील कचरा-निकासी न सुधारल्याबद्दल दररोज २०,००० यूरो भरावे लागतील, असा तो आदेश होता.

ब्रिटनने १९७२ च्या आपल्या संसदीय कायद्याने यूरोपीय कायदा स्वीकारला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला. तरी त्या वेळचे बहुतेक नियम देशी कायदा म्हणून टिकविण्यात आले. त्यांची श्रेष्ठता २०२३ अखेर संपुष्टात आली. उत्तर आयर्लंडमध्ये मालविषयक अनेक यूरोपीय नियम अद्यापि लागू आहेत.

अन्य खंडांतील व्यवस्था बहुतांशी याच नमुन्यावर बेतलेल्या आहेत. अँडियन समुदायाचे कीटो येथील न्यायालय (करार १९७९) मुख्यत्वे बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात प्रभावी ठरले. १९९३ च्या पोर्ट लुई कराराने स्थापन झालेल्या आफ्रिकी व्यापारविधी-एकीकरण संघटनेचे एकरूप कायदे सदस्य देशांत थेट लागू होतात व अंतिम अपील आबिजान येथे चालते. आग्नेय आशियाई राष्ट्रसंघाने एकमताची पद्धत कायम ठेवल्याने त्याची गणना येथे होत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या विकास समुदायाच्या विंडहूक (नामिबिया) येथील न्यायाधिकरणाने २००८ मध्ये शेतजमिनी ताब्यात घेण्याच्या प्रकरणात झिंबाब्वेविरुद्ध निकाल दिला; झिंबाब्वेने तो मानला नाही, सदस्य देशांच्या शिखर परिषदेने २०१० मध्ये न्यायाधिकरणाचे काम स्थगित केले, आणि २०१४ च्या नव्या करारात केवळ राज्याराज्यांमधील वादांनाच जागा ठेवण्यात आली.