काळात मागे जाण्याची वाट: गोडेल ते हॉकिंग

काळप्रवासाचा अर्धा प्रश्न, म्हणजे भविष्यात जाण्याचा, केव्हाच निकालात निघाला आहे. वेगात जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइननं १९०५ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सिझियमची अतिअचूक अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेच्या दिशेनं फिरून आलेली घड्याळं सरासरी ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली होती, म्हणजे त्यांच्यासाठी काळ तेवढा कमी सरला होता. तेवढ्यापुरती का होईना, ती भविष्यात उतरली. भांडण आहे ते भूतकाळात जाण्याचं.

त्याला तोंड फोडलं कुर्ट गोडेलनं. प्रिन्स्टनमधला हा तर्कशास्त्रज्ञ आइन्स्टाइनचा पायी फिरण्यातला सोबती. आइन्स्टाइनच्या सत्तरीनिमित्त १९४९ मध्ये गोडेलनं आइन्स्टाइनच्याच गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं एक अडचणीचं उत्तर पुढे ठेवलं: सगळं विश्व स्वतःभोवती फिरत असेल, तर पुरेशा वेगानं मोठा वळसा घेणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात परततो. आइन्स्टाइननं ते उडवून लावलं नाही. गुरुत्वाकर्षणाचा हा सिद्धांत रचतानाच ही शंका आपल्याला छळत होती, असं त्यानं मान्य केलं आणि अशी उत्तरं भौतिक कारणांनी बाद करता येतील का, ते पाहावं लागेल, असं लिहिलं. पुढचा सगळा इतिहास हे 'कारण' शोधण्याचा आहे.

आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही, त्यामुळे गोडेलचं उत्तर कागदावरच राहिलं. १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक टिपलरनं, ज्याभोवती वळसा घालून भूतकाळात जाता येईल असा फिरता दंडगोल सुचवला, पण त्याची लांबी अनंत हवी! गणित होकार देतं आणि अट अशी घालतं की पुढे बोलणंच खुंटावं.

१९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननं आपल्या कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नकडे सल्ला मागितला, तिथून वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याचा, गंभीर अभ्यास सुरू झाला. वर्महोलचं एक तोंड प्रकाशाच्या जवळपास वेगानं फिरवून आणलं, की दोन तोंडांच्या काळात फरक पडतो आणि बोगदाच काळयंत्र होतो, असं थॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं. हे यंत्र बनण्याआधीच्या काळात मात्र त्यातून जाता येत नाही. शिवाय बोगदा उघडा ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. ती अतिसूक्ष्म जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम भौतिकीला अगदीच परकी नाही, पण हवी तेवढी मिळण्याची चिन्हं नाहीत.

१९९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनं निसर्गच आडवा येतो असं सुचवलं: यंत्र सुरू होण्याच्या बेतात क्वांटम चढउतार अनावर वाढून ते मोडून टाकतील. हा कयास होता, सिद्धता नव्हे. १९९७ मध्ये के, रॅडझिकॉव्हस्की आणि वॉल्ड या तिघांनी दाखवलं, की यंत्र जिथे सुरू व्हायचं नेमक्या त्या सीमेवर नेहमीचं क्वांटम गणितच चालेनासं होतं. तिथे निवाडा द्यायला गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत हवा आणि तो अजून तयार नाही.