डॅशहाऊंड : नावातला 'हाऊंड' आणि ओट्याची उंची

डॅशहाऊंड म्हणजे आखूड पायांचा, लांब पाठीचा कुत्रा. आमच्याकडे याला नुसतं 'डॅश' म्हणतात. कुणी डॅशहाऊंड म्हणतं, कुणी डॅशुंड. मूळ जर्मन उच्चार 'डाक्सहुंड'च्या जवळचा. 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीत बिळं करून राहणारा प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे साधा कुत्रा. इंग्रजीत 'हुंड'चा 'हाऊंड' झाला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. हाऊंड म्हटलं की वासावर किंवा नजरेवर शिकारीमागे धावणारा कुत्रा. आपल्या माणसाला लगेच कारवानी, म्हणजे आपल्याकडचा सडपातळ, वेगाने पळणारा शिकारी कुत्रा, आठवतो. त्यात 'डॅश' म्हणजे धाव, असाही अर्थ कुणीतरी लावतं. मग याला गाडीमागे पळवणं, ओट्यावरून उड्या मारायला लावणं आलंच.

खुद्द जर्मनीत रोजच्या बोलण्यात याला 'डाकेल' म्हणतात, शिकारी लोक 'टेकेल' म्हणतात. वर्गीकरणाचा वाद तर अजून मिटलेला नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात तो हाऊंडांच्या गटात बसतो. आंतरराष्ट्रीय यादीत मात्र तो हाऊंडांतही नाही आणि बिळातल्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या टेरियर कुत्र्यांतही नाही. तिथे एकट्या याच जातीसाठी चौथा गट राखलेला आहे. मला हाच निर्णय बरोबर वाटतो. याचं काम पळण्याचं नव्हतंच, बिळात शिरण्याचं होतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन शिकारविषयक लिखाणात 'बॅजरमागे सरपटणारा' अशा अर्थाचं नाव सापडतं. आखूड पाय, खोल छाती आणि वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला जमिनीखालून ऐकू येईल असा दणदणीत आवाज, हे सगळं त्या कामासाठीच निवडून घडवलेलं. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह हाच कुत्रा होता, तोवर तो बिळातून पुरता दिवाणखान्यात आला होता.

त्या आखूड पायांचं कारण कळलं ते 2009 साली. हाडांच्या वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत 18व्या गुणसूत्रावर सापडली. 2017मध्ये तशीच दुसरी प्रत 12व्या गुणसूत्रावर मिळाली आणि तिचा संबंध थेट मणक्यांमधल्या चकत्यांच्या दुखण्याशी निघाला. या चकत्या लहान वयातच कडक होतात आणि एखाद्या झटक्याने सरकून मज्जारज्जूवर दाब देतात. साधारण दर चार-पाच डॅशहाऊंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. 2024मध्ये जर्मनीत दुखणी लादणारी पैदास रोखण्यासाठी प्राणी संरक्षण कायद्यातल्या बदलांचा मसुदा आला, तेव्हा ही जातच बंद होणार अशी ओरड झाली. कोणत्याही जातीवर बंदी घालायची नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. ओरड मोठी झाली, पण दुखणाऱ्या पाठीचा मुद्दा खरा होता.

आपल्याकडे हे दुखणं ओट्यापासून सुरू होतं. विदर्भातल्या जुन्या घरांचे ओटे चांगले दोन-तीन फूट उंच, आणि हा कुत्रा दिवसातून वीसदा चढणार-उतरणार. आमच्या काकांनी मोडक्या बंडीची फळी ओट्याला उतरती लावली आणि पाय घसरू नये म्हणून तिच्यावर पोतं ठोकलं. दोन दिवस त्यांची काळी कुत्री फळीच्या बाजूनेच उडी मारायची. तिसऱ्या दिवशी गुळाच्या खड्यामागे फळीवर चढली, ती कायमची. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. दूध-पोळी आणि तुपाचा लाड कमी करायचा, कारण वाढलेलं वजन पाठीवरच येतं. मागचे पाय लटपटले, ओढले जाऊ लागले, तर मालीश करत बसू नये. तासागणिक फरक पडतो. हलू न देता, सपाट फळीवर ठेवून दवाखाना गाठायचा. गावच्या ढोरांच्या दवाखान्यात ऑपरेशन होत नाही, त्यासाठी मोठं शहरच गाठावं लागतं.

मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की दुपारी बाहेर नेऊ नये. याचं पोट तापलेल्या जमिनीपासून चार बोटांवर असतं. आणि पावसाळ्यात याच्या उकरण्यावर नजर हवी. अंगणात घुशीचं बीळ दिसलं की हा खांद्यापर्यंत आत शिरतो. पण सोयाबीन वाढलं की त्याच बिळात घोणस असू शकते. काका म्हणूनच जून लागताच गोठ्यामागची सगळी बिळं दगड-मातीने बुजवून घेतात.