ट्रिमचं बटण तेच, काम निराळं: स्टर्नड्राइव्ह आणि सरफेस ड्राइव्ह

स्टर्नड्राइव्हवर हात बसलेला चालक सरफेस ड्राइव्हच्या बोटीत बसतो तेव्हा समोर सगळं ओळखीचंच असतं. तेच स्टीअरिंग, तेच थ्रॉटल, वर-खाली बाण असलेलं, ड्राइव्हचा कोन बदलणारं तेच ट्रिमचं बटण. बोट पाण्यावर चढली की तो सवयीने ट्रिम वर घेतो आणि नाक उचललं जाण्याची वाट बघतो. नाक फारसं हलत नाही, इंजिनाचे आरपीएम तेवढे चढतात. तो आणखी वर घेतो. आता इंजिन भिरभिरतं आणि वेग उलट पडतो. ड्राइव्ह बिघडलेला नसतो. हे बटण इथे वेगळीच गोष्ट हलवत असतं.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, आत असतं आणि बाहेरच्या बाजूला खाली उतरणारा एक पाय. शक्ती दोनदा काटकोनात वळून प्रोपेलरपर्यंत पोहोचते. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ बाजारात आणला तेव्हापासून रचना मुळात हीच आहे. प्रोपेलर पूर्ण पाण्यात असतो आणि ट्रिम केल्यावरही जवळपास पाण्यातच राहतो. बदलते ती जोराची दिशा. पाय बाहेर काढला की रेटा मागचा भाग खाली दाबतो आणि नाक वर येतं. पाय आत घेतला की उलट होतं. म्हणजे इथे ट्रिम हे बोटीचा कल बदलायचं साधन आहे.

सरफेस ड्राइव्हमध्ये शाफ्ट ट्रान्सममधून सरळ मागे निघतो आणि प्रोपेलर बोटीच्या बराच मागे फिरतो. वेगात त्याचं साधारण अर्धं वर्तुळच पाण्यात असतं. शाफ्ट, ब्रॅकेट हा सगळा पसारा पाण्याबाहेर राहिल्याने ओढ कमी होते आणि खरा फायदा तिथेच आहे. पातं पाण्यात शिरताना पाठीवर हवा घेऊन येतं. त्यामुळे वाफेचे बुडबुडे फुटून धातू कोरला जाण्याचा त्रास टळतो. त्याची धार पुढे पातळ आणि मागची कड जाड ठेवतात ती यासाठीच. अर्धवट बुडलेल्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, कल्पना जुनीच, अल्बर्ट हिकमन यांच्या ‘सी स्लेड’ बोटींवरही तो होता. तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवता येईल असा गोल सांध्यावरचा ड्राइव्ह हॉवर्ड आर्नेसन यांच्या नावाने रूढ झाला. या गृहस्थांनी त्याआधी जलतरण तलाव साफ करणारं यंत्र काढून नाव कमावलं होतं.

आता आकडे बघू. सांध्यापासून प्रोपेलर एक मीटर मागे आहे असं धरा. ड्राइव्ह ५ अंश वर केला तर प्रोपेलर जवळजवळ ९ सेंटिमीटर उचलला जातो. त्याचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर पाण्यात होते ३० सेंटिमीटर. त्यातला जवळपास एक-तृतीयांश भाग एका झटक्यात बाहेर आला. ५ अंशांत रेट्याची दिशा बदलते तेवढी इथेही बदलते, पण इंजिनावरच्या भारात पडणारा फरक इतका मोठा असतो की बाकी सगळं झाकलं जातं. खाली घ्या, पाती जास्त पाणी धरतात, आरपीएम उतरतात, मागचा भाग थोडा उचलला जातो. वर घ्या, इंजिन हलकं होतं. फारच वर घेतलं तर पाती नुसतीच घसरतात.

नाक हवं तसं ठेवायचं असेल तर त्यासाठी ट्रान्समवरच्या ट्रिम टॅब, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पट्ट्या, आहेत. ड्राइव्हने इंजिनाचा भार ठरवायचा, टॅबने बोटीचा कल. स्टर्नड्राइव्हवाल्याला ही वाटणी पटायला वेळ लागतो, कारण त्याच्याकडे दोन्हीचा बराचसा भाग एकच बटण सांभाळत होतं. टॅब हलवून बोटीचा मागचा भाग उचलला गेला की प्रोपेलरही उचलला जातो. म्हणून आधी टॅब आणि मग ड्राइव्ह, हा क्रम मला बरा वाटतो. योग्य जागा कशी ओळखायची? थ्रॉटल न हलवता ड्राइव्ह थोडा-थोडा वर घ्यावा आणि जीपीएसवरचा वेग बघावा. आरपीएम चढताहेत पण वेग वाढेनासा झाला की एक पाऊल मागे यावं. नुसत्या आरपीएमवर विसंबू नये.

वळवण्यातही असाच गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे सुकाणूऐवजी ड्राइव्हच वळतो. स्टर्नड्राइव्हचा पाण्यातला पाय मात्र स्वतःच सुकाणूसारखा वागतो, थ्रॉटल कमी केला तरी थोडा ताबा राहतो. सरफेस ड्राइव्हमध्ये ते काम शाफ्टच्या नळीखालच्या छोट्या फिनवर आणि पंख्याच्या रेट्यावर येतं. भर वळणात थ्रॉटल एकदम सोडला तर रेटा जातो आणि ताबा अचानक ढिला पडतो. त्यात बोट आतल्या बाजूला कलते, दोन ड्राइव्ह असतील तर आतला प्रोपेलर खोल जातो, बाहेरचा उघडा पडतो. म्हणून वळणाआधी ड्राइव्ह जरा खाली घ्यायचे. स्टर्नड्राइव्हवरही वळताना पाय आत घेतात, तो पंख्याने हवा ओढू नये आणि नाकाने पाणी धरावं म्हणून.

अर्ध्या बुडलेल्या पंख्याचा आणखी एक स्वभाव आहे. खालची पाती पाण्याला बाजूला ढकलतात आणि त्यांना तोलायला वरची पाती पाण्यात नसतात. जमिनीवर चाक घरंगळावं तसा प्रोपेलर आडवा चालू लागतो. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा मागचा भाग उजवीकडे नेतो, म्हणजे नाक डावीकडे. एका इंजिनाच्या बोटीत हे सतत हाताला जाणवतं. दोन इंजिनांत पंखे उलट दिशांना फिरवले की बाजूचे जोर एकमेकांना मारतात, पण त्यासाठी दोन्ही ड्राइव्ह सारख्याच खोलीवर हवेत.

बसवताना वेळ जातो तो इथे. बोट पाण्याबाहेर असताना तळाला सरळ पट्टी लावून दोन्ही शाफ्टची उंची मोजावी आणि ट्रिमच्या दर्शकावरचा शून्य दोन्हीकडे त्याच जागी येतो का बघावं. दोन्ही ड्राइव्ह जोडणाऱ्या दांड्याने ते समांतर आहेत ना, सिलेंडरच्या पिनांत खुळखुळ नाही ना, हेही पाहावं. स्टर्नड्राइव्हवर चालून जाणारा थोडा ढिलेपणा इथे वेगात बोट भरकटवतो. आणि प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचं त्याचं माप, जास्त असेल तर ड्राइव्ह कायम वर ठेवून तो झाकू नये. इंजिनाचे आरपीएम पुरे पडतात, पण बोटीला हवा तो रेटा मिळत नाही.

धक्क्याला लावताना मात्र स्टर्नड्राइव्हच सोपा. सरफेस ड्राइव्ह रिव्हर्समध्ये पाणी ट्रान्समवरच फेकतो आणि जोर कमी पडतो. ड्राइव्ह पूर्ण खाली घ्यावेत, स्टीअरिंग सरळ ठेवावं आणि दोन इंजिनं असतील तर एक पुढे, एक मागे टाकून बोट फिरवावी.