फौजेत ट्रक चालवायचाय? फॉर्मच्या आधी लायसन्सचा हिशोब मांडा

दर भरतीला चार-दोन पोरं तरी तोच प्रश्न घेऊन येतात, "सर, आर्मी ड्रायव्हरचा फॉर्म कधी सुटणार?" त्यांना आधी निराश करावं लागतं. भारतीय सेनेत अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांसाठी, जाताना ‘ड्रायव्हर’ नावाचा वेगळा फॉर्मच नसतो. फॉर्म असतो अग्निवीर जनरल ड्युटीचा, म्हणजे जीडीचा. त्याच जाहिरातीत एक ओळ असते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: हलक्या वाहनाचा वैध परवाना असलेल्या उमेदवाराला ड्रायव्हरच्या गरजेसाठी प्राधान्य.

म्हणून सुरुवात लायसन्सपासून करू. आर्मी, ग्रेफ (सीमेवर रस्ते बांधणारं दल), सीआयएसएफ की पोलीस, यातलं काय भारी यावर पारावर रात्रभर वाद घाला, हरकत नाही. पण आज तुमच्यासाठी यातलं कोणतं दार उघडं आहे, हे तुमचं वय आणि लायसन्सवरची तारीख मिळून ठरवतात.

अठरा ते बावीसचं गणित

मोटार वाहन कायद्यानुसार चारचाकीचा परवाना १८ पूर्ण झाल्यावर मिळतो. आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ट्रान्सपोर्ट वाहन, म्हणजे ट्रक वगैरे चालवायला वय २० हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. त्यासोबत ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो.

आता हे भरतीच्या जाहिरातींशी जुळवून बघा. जीडीसाठी वय साडेसतरापासून सुरू होतं, पण साडेसतराव्या वर्षी लायसन्स मिळतच नाही. प्राधान्याचा फायदा हवा असेल तर अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात शिकाऊ परवाना काढा. पोलीस चालकाला वय १९ लागतं. ग्रेफच्या ड्रायव्हरच्या जाहिरातीत वय १८ ते २७ लिहिलेलं असतं, पण परवाना मागतात हेवीचा, म्हणजे अवजड वाहनाचा, आणि तो विशीच्या आत हातात पडत नाही. सीआयएसएफला वय २१ ते २७ आणि गाडी चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव. अठराव्या वर्षी लायसन्स काढलेल्याचा हा अनुभव बरोबर एकविसाव्या वर्षी भरतो. ज्याने आळस करून विसाव्या वर्षी काढलं, तो तेविशीपर्यंत बाहेर बसतो. एएससी (सेनेला रसद पुरवणारी शाखा) सेंटरच्या सिव्हिलियन, म्हणजे मुलकी, मोटर ड्रायव्हरला हेवी आणि लाइट दोन्ही परवाने, वर दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे बाविशी.

या कायद्यात एक गंमत आहे. संरक्षण कामासाठीच्या केंद्र सरकारी गाड्यांना कलम १८ वेगळं आहे. त्याखाली १८ पूर्ण झालेल्या जवानालाही सेनेचं प्राधिकरण परवाना देऊ शकतं. म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा लष्कराचा ट्रक कायदेशीर चालवू शकतो, पण सुट्टीवर आल्यावर चुलत्याचा ऊस वाहणारा ट्रक नाही. या कलमाकडे शेवटी परत येऊ, कारण चार वर्षांनी तेच आडवं येतं.

जीडीतून ड्रायव्हरपर्यंत

जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. उमेदवार अविवाहित हवा. अग्निवीरांची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वरचं वय २१ ठेवलं होतं आणि पहिल्या वर्षापुरतं २३ केलं. त्यामुळे ऐकीव आकड्यावर जाऊ नका, त्या वर्षीच्या जाहिरातीत छापलेल्या दोन जन्मतारखांच्या मध्ये आपण बसतो का ते बघा. महाराष्ट्रासाठी उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त.

पहिली पायरी ऑनलाइन परीक्षेची. जीडीला ५० प्रश्न, १०० गुण, एक तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. आता ही परीक्षा मराठीतूनही देता येते, तरी सवयीने हिंदीवर टिक करून येणारे महाभाग आहेतच. भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते. नंतर रॅली: १.६ किलोमीटर धावणं, पुलअप्स, नऊ फुटांची खंदक-उडी, झिगझॅग तोल. साडेपाच मिनिटांत धावणं संपवलं तर ६० गुण, दहा पुलअप्सना ४०. मग मेडिकल. ड्रायव्हर व्हायचं स्वप्न असेल तर रंग ओळखण्याची चाचणी आधीच गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे करून घ्या. सहा महिने पळून शेवटी त्या ठिपक्यांच्या पुस्तकात आकडा दिसला नाही की पोरं तिथेच खाली बसतात.

महाराष्ट्रात भरती कार्यालयं पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. गोवा कोल्हापूरकडे येतो. कार्यालय ठरतं ते अधिवासाच्या जिल्ह्यावरून.

निवड झाली म्हणजे एएससी, अर्थात आर्मी सर्व्हिस कोअर मिळेलच, असं नाही. गुणवत्ता आणि रिकाम्या जागा पाहून वाटप होतं. एएससी मिळाली तर बेंगळुरूच्या सेंटरला जाल. तोफखाना मिळाला तर कदाचित नाशिक रोडला, पायदळ मिळालं तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पायदळाच्या पलटणीलाही स्वतःची एमटी, म्हणजे गाड्यांची तुकडी, असते, तोफखान्यात तोफा ओढणाऱ्या गाड्यांना चालक लागतातच. ज्याच्या खिशात लायसन्स आहे, त्याचं नाव तिथंही निघू शकतं.

पारावरची जुगलबंदी

आपल्याकडे अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी फौजेनं नाव दिलेली गावं आहेत. अशा गावांत कोणती सर्व्हिस मोठी हा वाद पिढीजात चालतो. पायदळवाला म्हणतो, "आम्ही चालतो, हे गाडीत बसून फिरतात." एएससीवाला म्हणतो, "तुझं पीठ, रॉकेल, दारूगोळा वर कोण आणतं?" आणि खरंच, लडाखचा रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत हिवाळ्याची बेगमी वर पोचवावी लागते. त्या रस्त्यावरची जोजिला खिंड ३,५२८ मीटरवर आहे. तिथं कॉन्व्हॉयमध्ये स्टॅलियन ट्रक चालवणाऱ्याला कुणी आरामाची नोकरी म्हणून चिडवू नये. एएससीचं ब्रीदच ‘सेवा अस्माकं धर्मः’ आहे. ईएमईवाला, म्हणजे सेनेच्या गाड्या दुरुस्त करणारा, या दोघांना हसतो, कारण गाडी बंद पडली की शेवटी दोघंही त्याच्याकडेच येतात.

ग्रेफवाल्याची गोष्ट वेगळी. सीमा सडक संघटना ७ मे १९६० रोजी उभी राहिली आणि तिचं मनुष्यबळ म्हणजे ग्रेफ. शिस्तीला सेनेचा कायदा, नोकरीचे नियम मुलकी. त्याला गावात कुणी फौजी म्हणतं, कुणी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ग्रेफ हा सशस्त्र दलांचा अविभाज्य भाग असल्याचं म्हटलं आहे, एवढं सांगून पारावरचा वाद मिटत असेल तर बघा.

माझं मत विचाराल तर पैशाची तुलना अशी करा. अग्निवीराचं पहिल्या वर्षीचं पॅकेज महिना ३०,००० आणि हातात २१,०००, चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. शेवटी व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी. पण पेन्शन नाही, आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणच पुढे कायम होतात. ग्रेफ आणि एएससीचा सिव्हिलियन ड्रायव्हर सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल २ मध्ये, मूळ वेतन १९,९०० पासून, वर भत्ते. सीआयएसएफचा लेव्हल ३ आणि महाराष्ट्र पोलिसांचा एस-७ दोन्ही २१,७०० पासून. पहिल्या महिन्याच्या पगारावरून कोण जिंकलं ते ठरवणारा मनुष्य चाळिशीत पस्तावतो, कारण बाकीच्या नोकऱ्या निवृत्तीपर्यंतच्या आहेत. तरीही वर्दीचं वेड असेल तर १८ ते २१ ही वर्षं सेनेलाच द्या. ग्रेफचं दार त्यानंतरही २७ पर्यंत उघडं असतं, उलट क्रमाने मात्र जाता येत नाही.

ग्रेफ: आपल्या दिघीतला फॉर्म

उत्तरेतली पोरं दोन दिवस रेल्वेने येऊन जी चाचणी देतात, ती आपल्या पुण्यात, दिघी कॅम्पच्या ग्रेफ सेंटरला होते. तरी आपल्याकडे हा फॉर्म कमी भरला जातो. २०२४ च्या जाहिरातीत ४६६ पैकी ४१७ जागा एकट्या ड्रायव्हर मेकॅनिकल ट्रान्सपोर्टच्या होत्या. दरवर्षी ड्रायव्हरच्या जागा निघतातच असं नाही, म्हणून परवाना आधी तयार हवा. फक्त पुरुष उमेदवार, दहावी पास, हेवीचा परवाना. धावणं एक मैल, वेळ दहा मिनिटं. सेनेची तयारी केलेल्याला हे चालत जमेल.

अर्ज मात्र अजून कागदावर असतो. ५० रुपये शुल्क एसबीआय कलेक्टने भरायचं (अनुसूचित जाती-जमातींना माफ), पावती जोडायची आणि टपालाने पाठवायचं. पाकिटावर पद, प्रवर्ग आणि आवश्यक पात्रतेतले टक्के लिहावे लागतात. आतला अर्ज सुवाच्य आणि पाकीट कोरं, असे अर्ज बाद होतात. तिथं धावण्याबरोबर प्रत्यक्ष गाडी चालवण्याची ट्रेड टेस्ट असते. रिव्हर्स घेणं आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं याचा सराव करून जा. गाडी न शिकताच लायसन्स ‘काढून आणलेल्यांची’ इथं पंचाईत होते.

पोलीस चालकाबद्दल थोडक्यात: बारावी पास, वय १९ ते २८ (मागासवर्गीयांना ५ वर्षं सवलत), उंची पुरुष १६५ आणि महिला १५८. मुलींसाठी या सगळ्या यादीतलं हेच खरं उघडं दार आहे. ट्रान्सपोर्टचा शेरा असलेलं लायसन्स काढून ठेवा. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यामुळे कुठं जागा जास्त आणि गर्दी कमी याचा अंदाज घेऊनच बटण दाबा.

कागदपत्रं, आणि नावाची भानगड

दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, अधिवास, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंच किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आधार, पॅन, फोटो, प्रतिज्ञापत्र. एनसीसी, खेळ किंवा वडील माजी सैनिक असल्याचा कागद असेल तर तोही, त्याचे बोनस गुण मिळतात. चारित्र्याचे दाखले सहा महिन्यांच्या आतले हवेत. आणि यादीत नसलं तरी मूळ लायसन्स.

घोळ होतो तो नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. शिकाऊ परवान्याच्या वेळीच जुळवलं तर पुढे सारथी पोर्टलवर दुरुस्तीचे हेलपाटे वाचतात. जन्मतारखेत एका दिवसाचाही फरक चालत नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल जपून. सेनेच्या अग्निवीर भरतीत जातीचं आरक्षणच नाही, दाखला फक्त नोंदीसाठी. एसईबीसी प्रमाणपत्र पोलीस भरतीला चालतं, ग्रेफ किंवा सीआयएसएफला चालत नाही. तिथं आर्थिक निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस काढा. कुणबी नोंद असेल तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा घ्यावा लागतो, राज्याचा नमुना जोडला की अर्ज खुल्यात जातो.

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. "रॅलीला माझा माणूस आहे" म्हणणारा दलाल आधी मूळ गुणपत्रिकाच ठेवून घेतो आणि मग ती सोडवायला पैसे मागतो.

चार वर्षांनंतरचं लायसन्स

कलम १८ खाली सेनेनं दिलेला परवाना त्याच गाड्यांपुरता असतो. डोंगराळ रस्त्यांवर हजारो किलोमीटर चालवून घरी आलेल्या अग्निवीराच्या हातात हेवीचा मुलकी परवाना नसेल, तर ट्रान्सपोर्ट कंपनी त्याला ठेवत नाही आणि ग्रेफचा फॉर्मही भरता येत नाही. केंद्रीय दलांमध्ये माजी अग्निवीरांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत, वयातही सवलत आहे, पण चालकाच्या पदाला तिथंही परवान्याची अट आहेच. तेव्हा वर्षाला मिळणाऱ्या ३० दिवसांच्या सुट्टीतले काही दिवस बाजूला ठेवा. वय २० पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाला, हेवीचा शिकाऊ परवाना काढा आणि पुढची सुट्टी शिकाऊ परवान्याच्या सहा महिन्यांत बसेल अशी मागा. मध्ये मुदत संपली तर सगळं पहिल्यापासून.