सुरक्षाविषयक लेखांचे संपादकीय निकष (मुक्तस्रोत प्रकाशने)

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या समुदायांनी चालवलेल्या प्रकाशनांत सुरक्षेवरचा लेख छापण्याआधी तो कसा पारखायचा, याविषयीचे संकेत. लेखक बहुधा स्वयंसेवक असतो. वाचक मात्र लेखातली कमांड उचलून थेट आपल्या सर्व्हरवर, तीही रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) होऊन चालवतो. त्यामुळे इथे शुद्धलेखनाच्या आधी कमांड तपासावी लागते. काही अडलं की ‘एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा-यंत्रणा) बंद करा’ किंवा ‘फोल्डरला ७७७ (सर्वांना सगळ्या परवानग्या) द्या’ असं सांगणारा मजकूर जाणता संपादक परत पाठवतो. ७७७ दिलेल्या फोल्डरात त्या यंत्रावरच्या कुठल्याही खात्याला फायली घालता येतात, पुसताही येतात.

सर्वांत मोठा घोळ आवृत्तीच्या आकड्यांत होतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही त्रुटी (त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१४-०१६०) ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. एकेका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज बाहेर येऊ शकत होता. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती काढली. डेबियन या वितरणाने (लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअर एकत्र देणारा संच) मात्र आपल्या स्थिर शाखेत १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) लावला आणि क्रमांकाच्या शेपटीला ‘डेब७यू५’ जोडलं. ‘जी’च्या आधीचं सगळं धोक्यात, एवढंच लिहिणारा लेख अशा दुरुस्त यंत्रालाही सदोष ठरवतो. म्हणून प्रत्येक वितरणाच्या पॅकेजचा पूर्ण क्रमांक द्यायचा, कितीही कंटाळवाणा दिसला तरी.

मथळ्याचंही तेच. एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जादा का लागतोय, याचा माग काढताना सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधला बॅकडोर (चोरवाट) सापडला. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो उघड केला. फेडोरा या वितरणाची रॉहाइड ही विकासशाखा, डेबियनची चाचणी शाखा अशा ठिकाणी तो पोहोचला होता, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. ‘लिनक्समध्ये बॅकडोर’ हा मथळा त्यामुळे खोटा नसला तरी निरुपयोगी.

त्रुटी जाहीर करण्याची तारीख ठरलेली असेल, तर तोवर लेख रोखून धरतात. गुपित दर वेळी टिकतंच असं नाही: प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी ९ जानेवारी २०१८ ला जाहीर व्हायच्या होत्या, त्या ३ जानेवारीलाच कराव्या लागल्या.

छापलेल्या लेखाची राखणही संपादकाकडेच येते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा सॉफ्टवेअरची २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती अपुरी ठरली. उरलेल्या त्रुटीला आधी गांभीर्याचे दहापैकी ३.७ गुण दिले होते, ते पुढे ९.० झाले. ‘२.१५.० वर या’ म्हणणाऱ्या लेखांत २.१६.० या पुढच्या आवृत्तीचा उल्लेख तारखेसह पहिल्या ओळीच्याही वर यायला हवा होता. अनेकदा तो तळाशी टीप म्हणून जातो.