बॅटरीत ॲसिड नको, पाणीच घाला

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी झपाट्यानं उतरतं. मग कुणीतरी हमखास सुचवतं, 'थोडं ॲसिड टाका, बॅटरीला जोर येईल.' हा सल्ला बॅटरी मारणारा आहे.

चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. सल्फ्युरिक ॲसिड मात्र आतच राहतं. बॅटरी उतरली की ते शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट होऊन बसतं आणि चार्ज केल्यावर पुन्हा द्रावणात येतं. म्हणून उतरलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा कमी दिसतो, आणि ॲसिड संपलं समजून तिथंच लोक फसतात! पूर्ण चार्जला तो बॅटरीच्या प्रकारानुसार साधारण १.२४ ते १.२८ असतो. वरून ॲसिड ओतलं की द्रावण जास्त तीव्र होतं, धन प्लेटांची जाळी लवकर गंजते.

बोअरचं पाणीही नको. त्यातले क्षार घातक. डिस्टिल्ड वॉटरच, खुणेपर्यंत.