मुक्काम पोस्ट सातारा, रात्र ठाणे स्टेशनला

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसच्या पुलाखाली झोपणारे एक आजोबा गेल्या पावसाळ्यात बेघरांच्या निवाऱ्यात यायला तयार झाले. फॉर्म भरताना मोबाईल नंबर आठवेना, आधार कार्ड केव्हाच हरवलेलं. पण 'फौजेतला नंबर?' म्हणताच पाठ ताठ झाली आणि सगळे आकडे एका दमात बाहेर पडले. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं पुस्तक, त्यांनी उशाखालून काढलं. पत्त्याच्या रकान्यात माण तालुक्यातलं गाव होतं. तिथे आता त्यांचं काही उरलेलं नाही. जमीन भावकीत गेली, घर पडलं.

हा पत्ताच सगळ्याच्या मुळाशी आहे. फौजेतून सुटलेल्या माणसासाठी आपल्याकडे जी व्यवस्था उभी राहिली, ती त्याला परतायला गाव आहे हे धरूनच चालली. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं, त्याचंच 1975 मध्ये केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. खाली राज्याचं आणि मग जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय. भरती खेड्यांतून व्हायची, सुटलेला जवान शेतावर परतायचा, मदत लागलीच तर मुलांच्या वसतिगृहाची किंवा मुलीच्या लग्नाची. डोक्यावर छप्पर नाही, ही अडचण त्या चौकटीत फारशी बसलीच नाही.

ठाणे जिल्ह्याने तर उलटं उदाहरण पाहिलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीने बेघर केलेली सिंधी कुटुंबं आली आणि 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आधी छप्पर मिळालं, उद्योगधंदा मागून आला. माजी सैनिकाच्या बाबतीत आपण हा क्रम लावला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अट पेन्शनची. जवानाला सेवा पेन्शन मिळते ती साधारण 15 वर्षं नोकरी झाल्यावर. त्याआधी स्वतः अर्ज करून सुटलेल्याला ती नाही, आणि पेन्शन नाही म्हणून 2003 पासून सुरू असलेली ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, सेवाही नाही. आजोबांची नोकरी नऊ वर्षांची. आई अंथरुणाला खिळली, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते सुटून आले.

पुढचा रस्ता सातारा-सांगलीच्या अनेकांनी धरला तोच, ठाण्याचा. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरत गेला. गेटवर उभं राहायला फौजेतला माणूस हवाच असे. सुरक्षा रक्षकांसाठी 1981 मध्ये कायदा आला, मंडळ झालं, पण त्याबाहेर एजन्सीमार्फत राबणारेही पुष्कळ होते. आजोबा कंपनीच्याच आवारात एका खोलीत राहायचे. कंपनी बंद पडली तेव्हा नोकरी आणि खोली एकाच दिवशी गेली.

घरांच्या योजना आहेत, नाही असं नाही. सैन्यातल्यांसाठीच्या गृहसंस्था आहेत, खारघरला जलवायू विहार आहे. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्या घराला अधिवासाचा दाखला, अनामत रक्कम, पुढे कर्ज लागतं. राज्याने 2020 मध्ये माजी सैनिकांना मालमत्ता कर माफ केला. तोही घर असेल त्यालाच. उघड्यावर झोपणाऱ्याला आधार आहे तो 2010 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांचा: शहरांत लाखभर वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा. शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना त्यानंतर आली.

निवाऱ्यात आलं की कागद हलायला लागतात. तिथल्या दाखल्यावर आधार कार्ड निघतं, आधारवर बँकेत खातं. डिस्चार्ज बुक शाबूत असेल तर जिल्हा कार्यालयात नोंदणी होते. हरवलं असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. नवी मुंबईत आणखी एक घोळ होतो. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडात. एका स्टेशनच्या फरकाने माणसाला ठाण्याऐवजी अलिबागची वाट धरावी लागते. पेन्शन असलेलेही रस्त्यावर येतात. मोबाईल गेला, हयातीचा दाखला राहिला, की पेन्शन थांबते. असा दाखला भरून थकलेली रक्कम परत सुरू करून घेता येते, हे कितीजणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पेन्शन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या निराधार माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. ते महिना 4,000 रुपये होतं, नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झालं. ही वाढ खरोखर मोठी आहे.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बहुतेक अग्निवीर पेन्शनशिवाय बाहेर पडतील, आणि पहिल्या तुकड्यांची चार वर्षं आता भरत आली आहेत.

आजोबांचा अनुदानाचा अर्ज मंजुरीला गेलाय. ठाण्याजवळ दिव्याला एक खोली पाहिली आहे, भाडं जमेल. घरमालक डिपॉझिटवर अडून आहे.